अंतिम मालिकेआधी दोन बास्केटबॉल संघ कसे जोखावेत

नवतपा सरत आलेला असतो, मृगाचा पाऊस अजून वाटेवर असतो, आणि नागपुरात पहाटेसुद्धा कूलर बंद करण्याची कोणाची छाती होत नाही, अशा दिवसांत एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगची अंतिम मालिका सुरू होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा वाजलेले असतात. त्यामुळे इथला बास्केटबॉलप्रेमी सामना पाहून उठतो तो थेट तर्री पोह्याच्या ठेल्यावर जातो आणि मालिका कोण जिंकणार याचा वाद तिथे रंगतो. हा वाद मी अनेक वर्षे ऐकतो आहे, त्यात भाग घेतो आहे, आणि त्यात हरणाऱ्या बाजूला बसण्याचा अनुभवही मला भरपूर आहे.

या वादात बहुतेक जण दोन संघांना दोन विद्यार्थ्यांसारखे मोजतात. याची गुणपत्रिका, त्याची गुणपत्रिका, ज्याचे गुण जास्त तो हुशार. लीगच्या ८२ सामन्यांसाठी ही पद्धत चालते, कारण तिथे प्रत्येक संघ सगळ्यांशी खेळतो. अंतिम मालिकेत मात्र एकाच प्रतिस्पर्ध्याशी सातपर्यंत सामने होतात (आधी चार जिंकेल तो विजेता), आणि तिथे आखाड्याचा न्याय लागू होतो. पैलवानाचे वजन किती, छाती किती, यापेक्षा त्याचा हुकमी डाव समोरच्याला लागतो का आणि लागला नाही तर त्याच्याकडे दुसरा कोणता डाव आहे, हे तिथे पाहावे लागते. पुढे सांगितलेली सगळी पद्धत या एका प्रश्नाभोवती फिरते.

त्यासाठी एक साधी वही घ्यावी, तिची समोरासमोरची दोन पाने उघडावीत आणि डाव्या पानावर एक संघ, उजव्या पानावर दुसरा संघ असे लिहीत जावे. डावीकडे लिहिलेल्या प्रत्येक ओळीला उजवीकडे उत्तर असले पाहिजे. ज्या ओळीला समोर उत्तर नाही, तिथे मालिका फिरण्याची शक्यता असते. उपांत्य मालिका संपल्यानंतर अंतिम मालिकेपर्यंत साधारणपणे काही दिवसांची उसंत मिळते. तीन संध्याकाळी या कामाला पुरतात.

पहिली संध्याकाळ: आकडे

सुरुवात जय-पराजयाच्या हिशेबाने न करता गुणफरकाने करावी. एका गुणाने जिंकलेला सामना आणि वीस गुणांनी जिंकलेला सामना तक्त्यात सारखेच दिसतात, परंतु संघाची ताकद त्यांतून सारखी कळत नाही. हा फरकही दर सामन्यामागे न मोजता दर १०० पझेशनमागे मोजावा. पझेशन म्हणजे चेंडू एका संघाकडे आल्यापासून तो त्याच्याकडून जाईपर्यंतचा अवधी. क्रिकेटमध्ये ज्याप्रमाणे केवळ धावा पाहून भागत नाही, त्या किती षटकांत झाल्या हेही विचारावे लागते, त्याचप्रमाणे वेगाने खेळणारा संघ १२० गुण करतो म्हणून त्याचे आक्रमण संथ संघाच्या ११० गुणांपेक्षा चांगले ठरत नाही.

पझेशनचा अंदाज घरबसल्या काढता येतो. घेतलेल्या एकूण शॉट्समधून आक्रमणातील रिबाउंड (नेम चुकल्यावर आपणच परत मिळवलेले चेंडू) वजा करावेत, त्यात टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेले चेंडू) मिळवावेत आणि फ्री थ्रोंच्या (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकींच्या) संख्येला ०.४४ ने गुणून तीही भर घालावी. फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात आणि काही वेळा बास्केट झाल्यावर वरचा एकच मिळतो, म्हणून पूर्ण संख्या न धरता हा अपूर्णांक वापरतात. समजा, एका संघाने ८८ शॉट घेतले, १० आक्रमक रिबाउंड मिळवले, १३ वेळा चेंडू गमावला आणि २२ फ्री थ्रो घेतले, तर पझेशन सुमारे १०१ होतात. त्या सामन्यात त्याने ११५ गुण केले असतील तर दर १०० पझेशनमागे सुमारे ११४ गुण पडले. तयार आकडे संकेतस्थळांवर मिळतात, पण एकदा तरी हा हिशेब हाताने करावा, म्हणजे आकड्याच्या आत काय दडले आहे ते समजते.

त्यानंतर चार गोष्टी लिहाव्यात: नेम, टर्नओव्हर, रिबाउंड आणि फ्री थ्रो. आकडेवारीचे अभ्यासक यांना चार घटक म्हणतात आणि महत्त्वाचा क्रमही हाच मानतात. नेम मोजताना दूरच्या रेषेबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटला दीडपट मोल द्यावे लागते. एकाने २० पैकी १० शॉट मारले आणि ते सगळे दोन गुणांचे असले, तर त्याची टक्केवारी ५०. दुसऱ्याने २० पैकी ८ च मारले, पण त्यांतील ६ तीन गुणांचे असले, तर ८ मध्ये ६ चे निम्मे मिळवून २० ने भागावे. उत्तर ५५ टक्के येते. साधी टक्केवारी पाहणारा इथे पहिल्याला चांगला नेमबाज म्हणून मोकळा होतो.

आता खरी मेख अशी की हे चार घटक एकेका संघासाठी न वाचता जोडीने वाचायचे असतात. डाव्या पानावरील संघ प्रतिस्पर्ध्याकडून भरपूर टर्नओव्हर काढत असेल, तर उजव्या पानावरील संघ चेंडू किती जपून खेळतो हे त्याच ओळीत लिहावे. एक जण आक्रमणातील रिबाउंडवर जगत असेल आणि दुसरा बचावातील रिबाउंड सोडतच नसेल, तर पहिल्याची ती कमाई मालिकेत आटणार हे गृहीत धरावे.

आकडे कोणत्या काळाचे घ्यावेत, याबाबत मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. २०२५ च्या अंतिम मालिकेत ओक्लाहोमा सिटी थंडर आणि इंडियाना पेसर्स समोरासमोर होते. थंडरने ६८ सामने जिंकले होते आणि त्यांचा सरासरी गुणफरक जवळपास १३, म्हणजे एनबीएच्या इतिहासातील सर्वाधिक होता. पेसर्सचे विजय ५०. मी ठेल्यावर ४-१ असे छातीठोकपणे सांगून मोकळा झालो. पेसर्सनी हंगामाची सुरुवात १० विजय आणि १५ पराभव अशी केली होती आणि उरलेल्या ५७ पैकी ४० सामने जिंकले होते, ही गोष्ट माझ्या वहीत नव्हतीच. म्हणजे मी ज्या संघाला जोखत होतो तो डिसेंबरमधला संघ होता आणि मैदानात उतरला तो जूनमधला. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. तेव्हापासून मी पूर्ण हंगामाचा आकडा एका कोपऱ्यात लिहितो आणि मुख्य रकान्यात फेब्रुवारीनंतरचे व प्लेऑफमधले (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतले), तेही प्रमुख खेळाडू खेळलेले सामने धरतो. दोन संघांच्या आपसांतील लढतींवरही फार विसंबू नये, कारण पूर्व आणि पश्चिम विभागांतील संघ हंगामात दोनदाच भेटतात. त्या वर्षी ते दोन्ही सामने थंडरने जिंकले होते आणि माझ्या चुकीच्या आत्मविश्वासाला त्यांनीच खतपाणी घातले.

दुसरी संध्याकाळ: शेवटचे पाच जण

प्लेऑफमध्ये बेंच आखडते. हंगामात दहा-अकरा खेळाडूंना वाव देणारे प्रशिक्षक जूनमध्ये आठ-नऊ जणांवर येतात, आणि चौथ्या क्वार्टरच्या, म्हणजे सामन्याच्या अखेरच्या चतुर्थांशाच्या, शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येक संघाचे पाचच चेहरे पुन्हा पुन्हा दिसतात. ते पाच कोण, हे आधी शोधावे. सामन्याची सुरुवात करणारे पाच आणि शेवट करणारे पाच एकच असतात असे नाही. त्यांची नावे दोन्ही पानांवर लिहून झाली की प्रत्येक पाचांतला बचावात सर्वांत कच्चा कोण, त्याच्या नावाखाली रेघ ओढावी.

ही रेघ या वहीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. आजच्या बास्केटबॉलमध्ये आक्रमण करणारा संघ कच्चा बचावपटू शोधून काढतो आणि पिक अँड रोलने त्याला आपल्या सर्वोत्तम खेळाडूसमोर आणून उभे करतो. पद्धत साधी आहे. कच्चा बचावपटू ज्याच्यावर नेमलेला असतो, त्या खेळाडूला चेंडूवाल्यासाठी स्क्रीन लावायला, म्हणजे त्याच्यावरच्या बचावपटूच्या वाटेत आडवे उभे राहायला, बोलावतात. बचाव करणाऱ्यांनी स्विच केले, म्हणजे आपापली माणसे बदलली, की शिकार हाताशी येते. स्विच केले नाही तर चेंडूवाला क्षणभर मोकळा सुटतो. दोन्हीकडून नुकसान.

याचे सर्वांत ठळक उदाहरण २०१६ च्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्याचे आहे. गोल्डन स्टेट वॉरियर्स ७३ विजय मिळवून आले होते, मालिकेत ३-१ ने पुढे होते, आणि तरीही क्लीव्हलँड कॅव्हलियर्सनी त्यांना सातव्या सामन्यापर्यंत खेचले होते. ८९-८९ अशी बरोबरी असताना क्लीव्हलँडच्या कायरी अर्व्हिंगवर गोल्डन स्टेटचा क्ले टॉम्पसन हा पक्का बचावपटू होता. क्लीव्हलँडने जे. आर. स्मिथला स्क्रीनसाठी बोलावले, कारण स्मिथवर गोल्डन स्टेटचा तारा स्टीफन करी होता. स्विच झाले, करी अर्व्हिंगसमोर आला आणि ५३ सेकंद उरले असताना अर्व्हिंगने त्याच्या डोक्यावरून तीन गुणांचा शॉट मारला. पुढच्याच डावात गोल्डन स्टेटने हाच प्रयोग उलटा केला. क्लीव्हलँडचा उंच आणि बचावात कच्चा मानला जाणारा केविन लव्ह करीसमोर आला, करीने त्याला डावी-उजवीकडे नाचवले, पण लव्ह हटला नाही आणि शॉट चुकला. सामना ९३-८९ असा संपला. दोन्ही संघांनी आपापल्या वहीतली रेघ ओढलेली नावेच गाठली होती. फरक इतकाच की एक नाव त्या वेळी टिकले.

हे पाहण्यासाठी हायलाइट्स निरुपयोगी आहेत, कारण त्यांत चेंडू जाळीत जातानाचे दृश्य असते आणि त्याआधीचे आठ सेकंद कापलेले असतात. प्रत्येक संघाच्या प्लेऑफमधल्या किमान दोन अटीतटीच्या लढतींचा चौथा क्वार्टर पूर्ण पाहावा, आणि पाहताना चेंडूचा पाठलाग करू नये. रेघ ओढलेल्या खेळाडूवरच नजर ठेवावी: त्याला लपवण्यासाठी प्रशिक्षक त्याला कोणावर नेमतात, त्याच्यावर स्क्रीन आला की बाकीचे चौघे मदतीला धावतात का, आणि धावल्यावर कोपऱ्यात कोण मोकळा राहतो. कोपऱ्यातील तीन गुणांची रेषा बास्केटपासून २२ फुटांवर आणि समोरची २३ फूट ९ इंचांवर असल्याने तो कोपरा आक्रमणाला स्वस्त पडतो. चेंडू सोडून माणूस पाहण्याची सवय नसेल तर ती शिवाजीनगर किंवा धरमपेठच्या मैदानावर सकाळचा एखादा सराव सामना बसून पाहिल्याने लवकर लागते. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो, मैदानावर तो जुलूम नसतो.

तिसरी संध्याकाळ: दुसरा डाव

प्रत्येक संघाचा हुकमी डाव कोणता, हे एका वाक्यात लिहावे, आणि लगेच खाली लिहावे की तो बंद पडला तर पुढे काय. दुसरे वाक्य सुचत नसेल तर तो संघ धोक्यात आहे. २०११ मध्ये मायामी हीट आणि डॅलस मॅव्हरिक्स यांच्या मालिकेपूर्वी मायामीचे पारडे जड होते. त्यांच्या लेब्रॉन जेम्सने हंगामात सामन्यामागे २६.७ गुण केले होते. डॅलसने मधूनमधून झोन बचाव (प्रत्येकाने एकेक खेळाडू न धरता एकेक जागा राखणे) लावून बास्केटकडे जाणारी वाट भरून टाकली, लेब्रॉनची मालिकेतील सरासरी १७.८ वर आली, चौथ्या सामन्यात तर त्याने ८ च गुण केले, आणि डॅलसने मालिका ४-२ ने जिंकली. तारा मोठा असणे आणि ताऱ्याची वाट अडवल्यावरही संघ चालत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथे प्रशिक्षकाला जोखावे लागते, आणि माझ्या मते बहुतेक जण नेमके इथेच आळस करतात. पाहायचे ते असे की संकटात तो बदलतो का आणि किती लवकर बदलतो. २०१५ मध्ये १-२ ने मागे असताना वॉरियर्सचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून काढून आंद्रे इग्वादालाला घेतले, जो त्या हंगामात तोवर एकदाही सुरुवातीला उतरला नव्हता. वॉरियर्सनी पुढचे तिन्ही सामने जिंकले आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान इग्वादालालाच मिळाला. २०१९ मध्ये टोरांटो रॅप्टर्सच्या निक नर्स यांनी दुसऱ्या सामन्यात चौघांचा झोन आणि एकजण सतत करीच्या मागे, असा शाळकरी वाटणारा बचाव लावला; तो सामना टोरांटोने गमावला, तरी शेवटच्या टप्प्यात वॉरियर्सना पाच मिनिटांहून अधिक काळ एकही गुण मिळाला नाही, आणि मालिका अखेरीस टोरांटोने जिंकली. थंडरचे मार्क डेगनॉल्ट यांनी २०२५ मध्ये पहिल्याच सामन्यात उंच आयझेया हार्टनस्टाइनऐवजी चपळ केसन वॉलेसला सुरुवातीला उतरवले, तो सामना पेसर्सच्या टायरीस हॅलिबर्टनच्या ०.३ सेकंद उरले असतानाच्या शॉटवर १११-११० असा गमावला, आणि १-२ ने मागे पडल्यावर चौथ्या सामन्यात हार्टनस्टाइनला परत आणले. म्हणून मागच्या तीन फेऱ्यांत प्रत्येक प्रशिक्षकाने पराभवानंतरच्या सामन्यात सुरुवातीचे पाच, बचावाची तऱ्हा किंवा खेळाडूंची मिनिटे यांत काय बदलले, याची नोंद वहीत असली पाहिजे. काहीच बदलले नसेल तर तीही नोंदच आहे.

दुखापती, मैदान आणि इतर

दुखापतींच्या अधिकृत यादीतील शब्दांना ठरावीक अर्थ असतो: ‘प्रॉबेबल’ म्हणजे बहुधा खेळेल, ‘क्वेश्चनेबल’ म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता, ‘डाउटफुल’ म्हणजे बहुधा नाही. मात्र खेळणार की नाही यापेक्षा कसा खेळणार, हा प्रश्न मोठा असतो. पोटरीच्या दुखण्यातून परतलेल्या खेळाडूबाबत मी विशेष सावध असतो. वॉरियर्सचा केविन ड्युरँट २०१९ मध्ये पोटरीच्या दुखापतीनंतर पाचव्या सामन्यात परतला आणि त्याच सामन्यात त्याच्या टाचेवरची अकिलीस ही शीर तुटली. टायरीस हॅलिबर्टन २०२५ मध्ये दुखऱ्या पोटरीनिशी सातव्या सामन्यात उतरला आणि त्याचेही तेच झाले.

मालिकेतील पहिले, दुसरे, पाचवे आणि सातवे सामने ज्याचा हंगामातील जय-पराजयाचा हिशेब चांगला त्याच्या मैदानावर होतात. २०२५ पर्यंत अंतिम मालिकेत झालेल्या २० सातव्या सामन्यांपैकी १६ यजमानांनी जिंकले आहेत, म्हणून मालिका लांबणार असे वाटत असेल तर हा मुद्दा वजनदार ठरतो; चार-पाच सामन्यांत आटोपणार असे दिसत असेल तर फारसा नाही. डेन्व्हर नगेट्स अंतिम मालिकेत असतील तर एक जादा ओळ लिहावी: ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०९ मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम चाळीस मीटर खाली, आणि पाहुण्या संघाला तिथे अठ्ठेचाळीस मिनिटांचा सामना धावायचा असतो. विश्रांती किती मिळाली, मागच्या मालिकेत किती दमछाक झाली, या गोष्टी मी लिहितो, पण त्यांवर निर्णय ठरवत नाही.

तीन गुणांच्या शॉटांबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. मागच्या दहा सामन्यांत एखादा संघ अफाट नेमाने मारत असेल, तर तो नेम पुढेही तसाच राहील असे धरू नये. किती शॉट घेतले आणि ते किती मोकळे होते, हे अधिक टिकाऊ असते. कच्चे दुवेही कधी कधी दगा देतात. मिलवॉकीचा यानिस अँटेटोकुम्पो २०२०-२१ च्या हंगामात तीनपैकी सरासरी एक फ्री थ्रो चुकवत होता, अंतिम मालिकेत फीनिक्सच्या प्रेक्षकांनी त्याच्या प्रत्येक फ्री थ्रोला मोठ्याने सेकंद मोजले, आणि सहाव्या सामन्यात त्याने १९ पैकी १७ मारून ५० गुणांसह विजेतेपद नेले. वहीतली रेघ बरोबरच होती. त्या रात्री ती लागू पडली नाही.

अंदाज कसा लिहावा

शेवटी दोन्ही पानांवरच्या निरुत्तर ओळी मोजाव्यात. ज्या संघाच्या हुकमी डावाला समोर उत्तर नाही, त्याला झुकते माप द्यावे; दोन्हीकडे उत्तरे असतील तर अधिक बदलू शकणाऱ्या प्रशिक्षकाला; तिथेही तोल सारखा असेल तर गुणफरकाला. अंदाज लिहिताना केवळ विजेत्याचे नाव लिहू नये. किती सामन्यांत, कोणत्या कारणाने, आणि काय घडले तर हा अंदाज चुकेल, हे तिन्ही लिहून खाली तारीख टाकावी, म्हणजे नंतर ठेल्यावर स्मरणशक्तीचे खेळ करता येत नाहीत.

पहिल्या सामन्याच्या सकाळी वही उघडी ठेवून पहिल्या क्वार्टरमध्ये तीनच गोष्टी तपासाव्यात: रेघ ओढलेल्या खेळाडूला कोणावर नेमले आहे, त्याच्यावरच्या पहिल्या स्क्रीनला बचाव स्विचने उत्तर देतो की मदतीने, आणि पहिल्या टाइमआउटनंतर त्यात बदल होतो का. निकाल पेन्सिलने लिहावा, कारण दुसऱ्या सामन्यापर्यंत त्यातला निम्मा खोडावा लागतो.